मुठीची भाकर

शनिवारी दुपारी कौसाबाई झोळी घेऊन दारात उभी राहिली, की घरातली बाई ज्वारीच्या डब्यात हात घालायची, मूठ आवळायची आणि ती आवळलेली मूठ तशीच झोळीत पार आत नेऊन उघडायची. किती दाणे पडले ते देणारीला ठाऊक आणि देवाला. कौसाबाई त्या वेळी रस्त्याकडे बघत उभी राहायची. मुठीकडे बघायचं नाही, झोळीत डोकवायचं नाही आणि मागच्या घराबद्दल पुढच्या घरी बोलायचं नाही, हा नियम तिच्या सासूने लग्नाच्या वर्षीच घालून दिला होता. बाकी दुनियेतल्या सगळ्या विषयांवर बोलायला कौसाबाईला मोकळीक होती आणि ती तिचा पुरेपूर फायदा घ्यायची.

झोळी मूळची जालन्याकडची. कौसाबाईच्या सासरच्या खेड्यात चर्च म्हणजे चिंचेखालचा ओटा, आणि पाळक चार-सहा महिन्यांतून एकदा बैलगाडीने येणार. प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून वाटून खायच्या प्रभुभोजनाला पाव आणायचा कुठून? तेव्हा कुणा शहाण्या माणसाने ठरवलं, की घरटी एक मूठ ज्वारी घ्यायची, सगळी एकत्र दळायची आणि तिची एक मोठी भाकर टेबलावर ठेवायची. उरलेलं पीठ त्या वेळी ज्याची चूल अडली असेल त्याच्या घरी गुपचूप जायचं. "प्रभू आपल्या शिवारात जन्मला असता तर त्यानं बी ज्वारीच खाल्ली असती," असं सासू म्हणायची, आणि तिच्यापुढे पाळकांचंही काही चालायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात निम्मं गाव उठून अंबरनाथला आलं. लोकांनी भांडी आणली, गोधड्या आणल्या. सासूने झोळी आणली. म्हातारी दोन पावसाळे पाहून गेली आणि झोळी कौसाबाईच्या खांद्यावर आली.

आनंदनगरच्या बाजूला कापडाचे रंग बनवणारा एक कारखाना होता. कौसाबाईचा नवरा कोंडाजी तिथे चिकटला आणि त्याच्या ओळखीने गावची बरीच माणसं चिकटली. दगडाने घासून सालं निघायची वेळ आली तरी बोटांचा निळा रंग जात नसे. पण त्या निळ्या बोटांची ऐट अशी, की वस्तीत मुलगी द्यायची झाली तर आधी मुलाची बोटं बघत. निळी असली म्हणजे नोकरी पक्की. याच हातांनी बुवापाड्याच्या चढावर पत्र्याचं चर्च उभं केलं. पुढे कोंडाजी तापाने गेला आणि त्याच्या जागी मुलगा सुदाम लागला. मुलगी चांगुणा दिली ती बबनला, तोही त्याच कारखान्यात, त्याच खात्यात. सुदाम आणि त्याचा दाजी एकाच सायकलवरून कामाला जात. सुदाम पायडल मारी आणि मागे बसलेला बबन दोघांचे डबे सांभाळी. कौसाबाई स्वतः बाजारातल्या एका सिंधी शेठच्या पिठाच्या गिरणीत कामाला होती. दिवसभर पीठ भरून पांढरी झालेली ही बाई संध्याकाळी घरी येताना रस्त्यात भेटेल त्याला सांगायची, "देव विश्वासू आहे बाबा." समोरच्याने विचारलेलं असो वा नसो.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात कारखान्यात संप झाला.

पहिले दोन महिने संप म्हणजे सण होता. चर्चमध्ये संपासाठी प्रार्थना झाल्या आणि सुदाम युनियनच्या कमिटीवर गेला. दिवाळीनंतर मात्र घराघरांतून डबे खडखडायला लागले. बायकांनी पातेली विकली, कुणी बदलापूर गावाकडे शेतावर मजुरीला जाऊ लागलं, कुणी उल्हासनगरच्या कॅम्पात सिंध्यांकडे पापड लाटायला. निळी बोटं हळूहळू पांढरी पडत गेली. आणि जानेवारीत एके दिवशी बबन 'संप करणार नाही' अशा कंपनीने पुढे केलेल्या हमीपत्रावर सही करून आत, कामावर गेला. त्याच्याबरोबर चर्चमधली आणखी पाच-सहा घरं गेली.

बबनने का सही केली याला मोठं कारण काही नव्हतं. मुलगी आजारी नव्हती की कुणी मरणपंथाला लागलं नव्हतं. कौसाबाईने त्याला विचारलं तेव्हा तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "मामी, मला सोसंना." ती त्याच्यावर चिडली, कारण सोसत कुणालाच नव्हतं. पण तिला त्याची कीवही आली, आणि या दोन्ही गोष्टी तिच्या मनात शेवटपर्यंत एकमेकींशी भांडत राहिल्या.

आत जाणाऱ्यांना न्यायला कंपनीची जाळीच्या खिडक्यांची बस यायची. तिच्यावर दगड पडायचे. चाळीच्या नळाला पाणी आलं की बायका चांगुणाचा हंडा रांगेतून उचलून बाजूला ठेवायच्या. सुदाम बहिणीच्या दारावरून जाताना दुसरीकडे बघायचा. 'दाजी' हा शब्द त्याने टाकूनच दिला. बबनचं नाव काढायची वेळ आली तर 'तो' म्हणायचा, आणि बबनला ओळखणं तर आता सोपंच झालं होतं. त्याची बोटं पुन्हा निळी झाली होती. पुढे तीन-चार वर्षांत त्या कारखान्याला कायमचं टाळं लागलं आणि आत गेलेले, बाहेर राहिलेले, सगळे एकाच दिवशी बेकार झाले. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कुणी ऐकलं नसतं.

चर्च मात्र अजून एक होतं. म्हणजे कसंबसं एक होतं. आत गेलेली घरं एका बाजूच्या सतरंजीवर, संपातली दुसऱ्या बाजूच्या, मधे माणूस आडवा झोपेल एवढी जागा. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर एकच होती आणि कौसाबाई झोळी घेऊन दोन्हीकडच्या दारांत जात होती. झोळी खांद्यावर किती भरते यावरून तिला सगळं समजायचं. पुष्कळ मुठी आता झोळीत जाऊन उघडायच्या तेव्हा आतून काहीच आवाज यायचा नाही. ती रस्त्याकडे बघत राहायची. गिरणीत ते धान्य दळताना शेठ म्हणायचा, "माई, तुम्हारे भगवान की रोटी छोटी होती जा रही है." कौसाबाई म्हणायची, "छोटी है, पर है ना." शेठपुढे तोंड वर करून असं बोलायची खरी, पण घरी जाताना ते 'देव विश्वासू आहे' तिच्या तोंडून आता सहजी निघत नव्हतं. तिला वाटायचं, आपण हे इतकी वर्षं पोट भरलेलं असताना म्हणत होतो. पोट भरलेल्याने म्हटलं तर त्याची देवाला काय किंमत?

सत्त्याऐंशीचा एप्रिल उजाडला. उपवासाचे दिवस चालू होते, पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, तोंडावर आला होता. पहिल्या रविवारच्या दोन दिवस आधी सुदाम जेवता जेवता म्हणाला, "माय, या बारीला त्याच्या दारात झोळी न्यायची न्हाई."

"का?"

"सगळ्यांनी ठरवलंय. त्याच्या घरचा दाणा भाकरीत असला तर आम्ही कुणी खाणार न्हाई. गद्दाराची भाकर हाय ती."

"अरे, गिरणीत तरी कुठं वेगळं निघतं? मागच्याचं पीठ पुढच्याच्या डब्यात येतंच. रोज खातोस की."

"गिरणीची गोष्ट वेगळी. देवाच्या टेबलाची वेगळी." सुदामने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "आणि दुसरं ऐक. हिंदुराव आणि त्याची पोरं रविवारी चर्चवर येणारेत. आठवडाभर तो बसमधून जातो, गावत न्हाई. चर्चमधून बाहेर पडला की धरणार. मी आडवा येणार न्हाई, आधीच सांगतो."

कौसाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. हिंदुराव संपातला, पण चर्चचा नव्हे. त्याने मागच्या महिन्यात आत जाणाऱ्या एकाचा पाय मोडला होता. चुलीपाशी सून अंजनी बसली होती. तिने परातीत उरलेली अर्धी भाकर सासूच्या ताटात सरकवली आणि भांडी घेऊन मोरीत गेली. घरात आणखी भाकर नव्हती हे कौसाबाईच्या नंतर ध्यानात आलं.

शनिवारी ती झोळी घेऊन निघाली. जाऊ की नको, हे चालताना ठरवू असं तिने मनाशी म्हटलं होतं. सगळी घरं झाली. स्वतःच्या घरीही ती दाराबाहेर उभी राहिली, नियमाप्रमाणे, आणि अंजनीने मूठ आवळून झोळीत घातली. कौसाबाई रस्त्याकडे बघत होती. आतून आवाज आला नाही. अंजनीचा हात बाहेर आला आणि पदराआड गेला.

शेवटी चांगुणाचं दार राहिलं. कौसाबाई तिथवर गेली, पण झोळी तिने पदराखाली घेतली होती. चांगुणाने दार किलकिलं करून आधी गल्ली पाहिली आणि मग आईला आत घेतलं. नात कोपऱ्यात एकटीच भातुकली खेळत होती. चाळीतली पोरं तिला खेळायला घेत नव्हती.

"उद्या तुम्ही येऊ नका," कौसाबाई म्हणाली. "हिंदुराव येणाराय. एका रविवारनं काही बिघडत न्हाई. घरीच प्रार्थना करा."

चांगुणा म्हणाली, "पाण्याच्या रांगेतून काढलं, मी काही बोलले न्हाई. भावानं टाकलं, तवाबी न्हाई बोलले. आता तू बी येऊ नको म्हणतेस."

"मी जिवासाठी सांगते, बाई."

"हे म्हणतात, आपण जाणार. तिथं बी जायचं न्हाई तर मग कुठं जायचं, असं म्हणतात." तिने डोळे पुसले आणि डब्याचं झाकण काढलं. "झोळी कुठाय? मूठ घेणार हायेस का न्हाई, तेवढं सांग."

कौसाबाईने पदराखालून झोळी काढली. तिला स्वतःची लाज वाटली. चांगुणाने ज्वारीत एक हात घातला, मग दुसराही घातला आणि दोन्ही मुठी झोळीत नेऊन उघडल्या. दाणे पडल्याचा आवाज ऐकून कौसाबाईला कळलं, की गेले तीन महिने भाकर लहान होत गेली तरी होत कशी राहिली. नियम मोडून ती मुलीच्या हातांकडे बघत होती.

पहाटे उठून तिने प्रभुभोजनाच्या प्याल्यासाठी काळ्या मनुका पिळून रस काढला, पीठ मळलं आणि भाकर थापली. जेमतेम तळहाताएवढी झाली. उरलेलं पीठ म्हणून काही नव्हतंच. भाकर फुगली, चांगली टम्म फुगली, आणि एरवी ती पाहून कौसाबाई देवाला दोन कौतुकाचे शब्द बोलली असती. आज ती म्हणाली, "तुझं तू बघ. मला काही दिसत न्हाई."

चर्च भरलं होतं. उजागरे पाळक कल्याणहून स्कूटरवर आले. दारातच जमलेल्या लोकांचे चेहरे बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भला माणूस होता, पण भांडणाला फार भ्यायचा. बबन, चांगुणा आणि त्यांची मुलगी अगदी शेवटच्या ओळीत, दाराला लागून बसली. बबनने हात सदऱ्याखाली घेतले होते. सुदाम पुढच्या ओळीत होता. गीतं झाली, वचन झालं, उपदेश तर पाळकांनी इतक्या घाईत उरकला की म्हाताऱ्या जनाबाईला चुकून डुलकी लागायचीही सवड मिळाली नाही. मग भाकरीवरचं पांढरं फडकं निघालं.

मोडण्याआधी पाळक दर वेळी विचारत, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर आत्ता बोलावं." विचारायची रीत होती म्हणून विचारत. आजवर कुणी कधी बोललं नव्हतं. खोकला आला तर तोही लोक दाबून धरत.

सुदाम उठून उभा राहिला.

"मला विचारायचंय. पाळकांना न्हाई, मायला." तो वळला. "माय, या भाकरीत चांगुणाच्या घरचं हाय का?"

असला प्रश्न त्या झोळीच्या जन्मापासून कुणी विचारला नव्हता. कौसाबाईला सुटका समोर दिसत होती. मुठीचं सांगायचं नसतं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सासूचा नियम होता, कुणी तिला बोल लावला नसता. नाहीतर सरळ 'न्हाई' म्हणायचं. भाकर मोडली जाईल, सगळे खातील, निदान आज आतल्या आत तरी हाणामारी व्हायची नाही. तिची जीभ 'न्हाई'पर्यंत येऊनही पोचली होती. तेवढ्यात तिचं लक्ष शेवटच्या ओळीकडे गेलं. चांगुणा तिच्याकडे बघत नव्हती. ती मान खाली घालून मुलीच्या फ्रॉकची गुंडी लावत होती, लागलेली गुंडी पुन्हा पुन्हा लावत होती. आईने काय सांगितलं तरी ऐकायची तिने तयारी केली होती.

"हाय," कौसाबाई म्हणाली. "माझ्या लेकीच्या घरचं हाय. तिनं दोन्ही हातांनी दिलंय."

संपवाल्यांच्या सतरंजीवर कुजबुज उठली. एकदोघे उठायला लागले. सुदामचा चेहरा काळवंडला. "मग आमच्यापैकी कुणी हात लावणार न्हाई. आमच्या घरची मूठ आणि त्याच्या घरची मूठ एका भाकरीत..."

"आपल्या घरची न्हाई त्यात."

हे कोण बोललं ते आधी कुणाला कळलं नाही, कारण अंजनीचा आवाज चर्चमध्ये याआधी फारसा कुणी ऐकलेला नव्हता. ती बसल्या जागेवरूनच बोलत होती, नवऱ्याकडे न बघता. "माझी मूठ रिकामी होती. कालचीच न्हाई. नाताळापासनं रिकामीच घालते मी. आत्याबाईंना ठाऊक असणार, त्या कधी बोलल्या न्हाईत." मग फार हळू म्हणाली, "आपण त्यांचंच खातोय."

कुणाला वाटेल आता सगळे रडले आणि गळ्यात पडले. तसं काही झालं नाही. उठलेले दोघे खाली बसले, एवढंच. बायकांच्या बाजूला आणखी काही माना खाली गेल्या. सुदाम ओळीतून वाट काढत, कुणाच्या पायावर पाय पडला तेही न बघता, बाहेर निघून गेला. आपण मुलगी वाचवली की मुलगा घालवला, हे कौसाबाईला कळत नव्हतं.

पाळकांनी घाम पुसला. "आजच्या दिवस आपण प्रार्थना करून थांबू या. पुढच्या महिन्यात..."

"मोडा," कौसाबाई म्हणाली.

"बाई, तो गेला ना."

"त्याच्या चपला दारातच हायेत," मागून जनाबाई म्हणाली. "गेला न्हाई तो. बाहेर उभाय, आंब्याखाली."

पाळकांनी भाकर मोडली. इथली रीत अशी, की भाकर हातोहात जाते. प्रत्येकाने आपला कण मोडून घ्यायचा आणि उरलेली शेजाऱ्याच्या हातात द्यायची. शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत कुणी तोंडात घालायचं नाही. संपवाल्यांच्या सतरंजीवर भाकर आली तेव्हा पहिल्या माणसाने ती हातात धरून नुसतीच पाहिली. त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने कण मोडला. मग पुढच्याने. भाकर मधली मोकळी जागा ओलांडून पलीकडे गेली, कमी कमी होत मागच्या ओळीत गेली आणि बबनने सदऱ्याखालून हात काढून ती घेतली. त्याने आपल्यापुरता कण मोडला. हातात एक तुकडा उरला आणि पुढे कुणी नव्हतं.

तो तुकडा धरून बबन बसून राहिला. सगळं चर्च हातात भाकरीचा कण घेऊन बसून राहिलं. कुणी गीत धरलं नाही. पत्रा तापून वर तडतडत होता. एक लहान मूल रडलं, त्याला आईने पदराखाली घेतलं. सुदामला बोलवायला जावं असं कौसाबाईला दहादा वाटलं. पण बोलवून आणलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, हे तिला कोंडाजीच्या दारूच्या दिवसांपासून माहीत होतं. ती देवाला म्हणाली, मी इतकी वर्षं लोकांना तुझं सांगत आले. आज तू मला सांग.

चढावरून माणसं येण्याचा आवाज आला. पाच-सात जणांच्या वहाणा, आणि पत्र्याच्या भिंतीवरून कुणीतरी काठी ओढत आणल्याचा लांबलचक कर्रर्र आवाज. चांगुणाने मुलीला कुशीत ओढलं. पाळक डोळे मिटून पुटपुटायला लागले.

"सुदाम," बाहेर हिंदुराव म्हणाला, "तो आत हाय का?"

आईपुढे आत जसा प्रश्न आला होता तसाच बाहेर मुलापुढे आला. सुदामला नुसतं बाजूला व्हायचं होतं. तसं त्याने आधी सांगूनही ठेवलं होतं. त्याचं उत्तर येईपर्यंतचा वेळ कौसाबाईला तिच्या सगळ्या दुष्काळांपेक्षा लांब वाटला.

"हाय," सुदामचा आवाज आला. "माझा दाजी हाय तो."

"मग बाजूला हो."

"आत प्रभुभोजन चाललंय. अजून संपलं न्हाई. माझंच राहिलंय."

पावलांचा आवाज दाराशी आला. सुदाम उंबऱ्यावर आला, आत मात्र आला नाही. तो उंबऱ्यातच खाली बसला, आतल्यांकडे पाठ आणि बाहेरच्यांकडे तोंड करून, चौकटीच्या दोन्ही बाजूंना खांदे टेकवून असा, की त्याला ओलांडल्याशिवाय कुणालाही आत जाता येऊ नये. बाहेर हिंदुराव त्याला काहीबाही बोलला, त्याची जात आणि त्याचा देव काढला, युनियनचा विश्वासघात काढला. सुदामची मान ताठ होती आणि मानेवरून घाम ओघळत होता. त्याला बबनचा राग आला नव्हता असं नाही. तो राग पुढे कित्येक वर्षं गेला नाही आणि त्या दोघांनी सायकल कधी पुन्हा वाटून घेतली नाही. पण त्या वेळी बाहेर काठी उगारलेली असताना त्याने समोरची नजर न काढता आपला उजवा हात पाठीमागे नेला आणि तळहात उघडून आत धरला.

आठ महिन्यांत तो तळहात पार पांढरा पडला होता. दाराला लागून बसलेल्या बबनला फार वाकावंही लागलं नाही. त्याने निळ्या बोटांनी शेवटचा तुकडा त्या हातावर ठेवला. सुदामने मूठ मिटली, आणि मग सगळ्यांनी आपापली भाकर तोंडात घातली.